काकांची फाईल

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात, सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला डेट्रॉइटमध्ये माझ्याशेजारी एक अनोळखी मराठी काका बसले होते, छातीशी फाईल धरून. मी स्पीडिंगची दोन तिकिटं, म्हणजे वेगात गाडी चालवल्याचे दंड, ऑफिसरला सांगणार म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो, असलं कोण सांगतं? सरळ नो म्हणा!”

आत ‘कधी पोलिसांनी दंड केलाय का?’ विचारल्यावर मी नो म्हणालो. ऑफिसरने माझा ड्रायव्हिंग रेकॉर्डच पुढे सरकवला. “तिकिटांचं काही नव्हतं हो, खोटं का बोललात?” अर्ज लटकला.

बाहेर आलो तर काका फाईल उघडून बसलेले. त्यात त्यांची पार्किंगची तिकिटंसुद्धा तारखेवार लावलेली.

“तुम्ही सांगणार?”

“मग! आपण कशाला रिस्क घ्यायची?”

अजून डोकं फिरतं. शिव्या त्यांना घालतो, पण खरं बोलायची शपथ घेताना वर केलेला हात माझाच होता.