जुबेदाला साहेबांनी बोलावलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही.

मुरुडला आमच्या शेजारी जुबेदा राहायची. तिच्या घरात उर्दू, अंगणात मराठी. दोन्ही तिच्या तोंडी सारख्याच गोड. मी उर्दू शिकले ती तिच्याकडून — तिच्या आईच्या चुलीपाशी, तांदळाच्या भाकऱ्या थापताना. मी चुकले की ती आधी पोट धरून हसायची, मग सुधारायची.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. बायकांच्या तक्रारी लिहून घ्यायला दोन्ही भाषा येणारी एक बाई पोलिसात हवी आहे, असं कळलं. अर्ज करायचं जुबेदाच्याच मनात आलं. एकटीला घरचे सोडणार नाहीत, म्हणून तिनं मलाही करायला लावला. एसटीनं आम्ही अलिबागला गेलो.

आधी मला आत घेतलं. उर्दूत मी दोनदा अडखळले. साहेब म्हणाले, "बरं. आता त्या दुसऱ्या मुलीला पाठवा."

मी बाहेर आले. कचेरीमागच्या चिंचेखाली ती बसली होती. डबा उघडलेला नव्हता — माझ्यासाठी थांबली होती. ती आत गेली की माझं काय होणार, हे मला कळत नव्हतं का? चांगलंच कळत होतं.

मी तिला हाक मारली नाही. तशीच आत गेले आणि म्हटलं, "ती घाबरून घरी गेली, साहेब."

नंतर तिला सांगितलं — माझं झालं, आता दुसरीला बघणार नाहीत म्हणाले. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मला रडू फुटलं, तर तिनंच मला जवळ घेतलं. "एकीचा काम झाला ना? मग रडतंस कशाला गो?" आणि स्वतःच्या हातानं मला भरवलं.

मी खाल्लं.

नोकरी भरपूर वर्षं केली. कितीतरी बायका माझ्यापाशी मोकळेपणानं बोलल्या, त्या जुबेदाच्या उर्दूमुळे. ती मुरुडलाच नांदली. मी गेले की ती अजून सगळ्या आळीला सांगते, ही आमची पोलीस.

इतक्या वर्षांत एकदाच तिनं विचारलं, "तो साहेब कसा होता गो?"

"रागीट होता," मी म्हटलं.

तो रागीट नव्हता. "थांबू जरा, येईल परत," म्हणाला होता, आणि बराच वेळ दाराकडे बघत बसला होता. मी समोर उभी होते.