शंभर कोटी हेन्रीची कॉइल

सावळीराम मामाच्या हातून एक आयसी सुटायची म्हणजे पोरांच्या नाकी नऊ यायचे. नाशिकच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स लॅबचं कपाट अठरा वर्षं त्याच्याकडे. "जळलेली आधी दाखव. कशी जाळली सांग. मग बघू." मखमलाबादला त्याच्या भावांचा गुलाबाचा मळा होता, तिथं पाणी द्यायला ह्याला कुणी बोलवायचंच नाही. झाडं वाळतील ना!

पण आयसी ओळखावी तर मामानंच. सातशे एकेचाळीस म्हणजे आठ पायांची काळी चिप, इवलासा सिग्नल लाखोपट मोठा करणारी. मामा तिच्याबद्दल धाकट्या भावजयीबद्दल बोलावं तसा बोलायचा. "लय तापट हे ती. आउटपुटकडून मागं एक वायर आणून लगाम घाला, मग गुणाची. लगाम सोडला की डोकं थेट छताला."

दोन हजार साली लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर आले, एसी आला, चपला दाराबाहेर गेल्या आणि कपाटाला कुलूप लागलं. विभागप्रमुख ज्योत्स्ना मॅडमनी मामाला बोलावलं.

"सावळीराम, शनिवारी सॉफ्टवेअरवर सातशे एकेचाळीसचा ओपन लूप गेन काढून दाखवा. लगामाशिवाय ती किती पट वाढवते ते. दोन लाखाच्या आसपास आला की लॅब तुमच्याकडेच. नाहीतर हॉस्टेलचं स्टोअर. माझ्या हातात एवढंच आहे हो."

हॉस्टेलचं स्टोअर म्हणजे गाद्या! मामाला दोन दिवस जेवण गेलं नाही. थर्ड इयरच्या भाग्यश्रीनं आठवडाभर त्याला माउस शिकवला. बाण स्क्रीनच्या बाहेर पडेल म्हणून तो माउस दोन्ही हातांनी धरायचा.

शनिवार उजाडला. मामा अनवाणी खुर्चीच्या टोकावर, मागे मॅडम, बाजूला भाग्यश्री. सर्किट काढलं, लगाम जोडलाच नाही, बटण दाबलं. गेनची रेघ तळाशी आडवी.

"मेली का हो मामा?" भाग्यश्री कुजबुजली.

"मरतीय कशाला? आउटपुटचा डीसी दाखव."

साडेचौदा व्होल्ट. सप्लाय पंधराचा.

"बघ! छताला जाऊन चिकटलीय. आता तिथून काय हलणार?" मामाचा आवाज एकदम मोठा झाला. "डीसीला लगाम पाहिजे, सिग्नलला नको. म्हणजे मागं येणाऱ्या वायरीत कॉइल टाकायची. कॉइल डीसीला जाऊ देते, सिग्नलला अडवते. उरलासुरला कपॅसिटरनं जमिनीत."

मॅडम पुढे झुकल्या. मामानं कॉइल ठेवली आणि तिचं माप टाकलं, एक हेन्री. कपॅसिटर हजार मायक्रोफॅरड. रेघ उठली, चढली, दोन-अडीच हजारावर टेकली आणि घसरली.

"मामा, कॉइल कमी पडतेय!"

"एक हेन्री कमी? अगं, तेवढी कॉइल आपल्या अख्ख्या कपाटात नव्हती!"

"पण हे कपाट नाहीये ना मामा! इथं कुणाचं काय संपतंय? घ्या की!"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. एका बोटानं त्यानं एकावर एक शून्य दिलं. थांबला. अजून एक. मग चेव आल्यासारखा टाईप करत सुटला आणि भाग्यश्री मोठ्यानं मोजत सुटली. नवव्या शून्याला मॅडमच ओरडल्या, "बास हो सावळीराम, शंभर कोटी झाले! त्र्यंबकचा डोंगर गुंडाळाल तारेनं!"

"आता हात लागलाय तर कपॅसिटरपण घेतो." हजार मायक्रोफॅरड खोडून त्यानं सरळ एक फॅरड लिहिला. असा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच उधळत होता.

बटण.

रेघ डावीकडे उंच, अगदी ऐटीत उभी. दोन लाख. मग दहा हर्ट्झच्या अलीकडूनच हळूहळू उतरायला लागलेली, पुस्तकात असते तश्शी. भाग्यश्रीला रडूच आलं, वेडी.

"सोमवारची पहिली बॅच तुम्ही घ्या," मॅडम म्हणाल्या.

मामा मान हलवत राहिला, पण खुर्चीतून उठेना. मॅडम दाराशी पोचल्यावर त्यानं हळूच हाक मारली.

"मॅडम, हे बंद कसं करत्यात? ह्या पोरीनं तेवढं शिकवलंच नाय."

मॅडम परत आल्या, एक स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसल्या.