मामंजी कुत्र्याशी बोलायचे

लग्न होऊन फलटणजवळच्या त्या गावी आले तेव्हापासून माझे सासरे, मामंजी, माझ्याशी थेट एक शब्द बोलले नाहीत. सुनेशी सासऱ्यानं तोंड उघडून बोलायचं नाही, अशी घरची रीत. मग ते कुत्र्याशी बोलायचे आणि मी ऐकायची. "लाल्या, आज कालवण लय झ्याक झालंय गड्या." मी चुलीपाशी पदराआड हसायची. सासूबाई नव्हत्या, नवरा लढाईवर. घरात आम्ही दोघं आणि हा दुभाष्या.

पलटणीत मामंजी घोड्यांचं औषधपाणी करायचे. पेन्शनीत आल्यावर लंगडी कुत्री, दुखणाईत मांजरं त्यांच्या ओट्यावर यायला लागली. बैलाला औषध द्यावं, कुत्र्याला कसलं, म्हणून लोक हसायचे. हसू देत मेले. मामंजी चांगले पाय आधी चाचपायचे, दुखरा शेवटी. "दुखतंय तिथंच पयला हात घातला की इस्वास जातो," म्हणायचे. हाड शाबूत असलं की गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेक द्यायचा आणि रोज सकाळी धोतर खोचून कुत्र्याला कालव्याच्या उथळ पाण्यात चालवायचं. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, पाय मोकळा होतो. म्हातारा लाल्या त्यावरच उभा होता.

मांजराचं वेगळं. "मांजर दुखणं सांगत न्हाई, लाल्या. उडी मारायचं सोडतं आन् कोपरा धरतं."

लढाईवरून तार आली. माझं माणूस गेलं. मी रडले नाही, मुकाट्यानं कामाला लागले. बऱ्याच दिवसांनी जेवताना मामंजी म्हणाले, "लाल्या, आपल्या घरातबी एका मांजरानं कोपरा धरलाय. त्येला म्हनावं, रड बाई." त्या दुपारी मी पोटभर रडले. ते दाराबाहेर बसून राहिले, कुणाला आत येऊ दिलं नाही.

पुढं भाऊ तासगावहून न्यायला आला. शाळेत घालतो, मास्तरीण होशील, म्हणाला. मला जायचं नव्हतं. मी गेल्यावर या म्हाताऱ्याला भाकरी कोण घालणार? पण राहायचं की जायचं, हे मामंजींनीच सांगायचं होतं. ते लाल्याला काय सांगतात म्हणून मी उंबऱ्याशी कान देऊन उभी राहिले.

ते लाल्याकडं वळलेच नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, थांब म्हनावंसं लय वाटतंय. पन जा तू. शीक."

मी शिकले, मास्तरीण झाले. 'जा' हे त्यांनी लाल्याला सांगितलं असतं, तर ऐकलंच नाही असं दाखवून मी राहिले असते. तोंडावर सांगितलं, म्हणून जावं लागलं.