खरबरीत हिऱ्याचे सर

या, अशा जवळ येऊन बसा बघू. दारातूनच ‘बरं आहे ना काकू’ म्हणून सटकता, शोभतं का हे? आमच्या वरच्या मजल्यावरचे सर तुमच्यापेक्षा बरे; घरात शिरले की आधी भिंतीवरून हात फिरवायचे, पण मग तासभर बसायचे. हिरा गुळगुळीत असू नये म्हणून तळमळणारा माणूस अख्ख्या जयपुरात तेवढा एकच!

मालवीय नगरात ते आमचे भाडेकरू होते, दोन हजार चार-पाचची गोष्ट. मूळचे सांगलीचे, सडेफटिंग, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरेट करायला बसलेले. वस्तूच्या पोटात काय आहे याचं त्यांना सोयरसुतक नाही. वरचा पापुद्रा तेवढा दाखवा. भाजलेला पापड तोंडात जायच्या आधी भिंगाखाली जायचा. जवळच्या बगरू गावी आम्ही छापाच्या चादरी बघायला गेलो, तर हे लाकडी ठशाच्या कोरीव कडांवरून बोट फिरवत बसले. छापणारा शेवटी वैतागला, “साबजी, चादर इधर है!”

मी सातवी शिकलेली, पण विचारलं तर सरांनी कधी टाळलं नाही. म्हणाले, “काकू, पदार्थ तापला की त्यातले इलेक्ट्रॉन बाहेर उड्या मारतात. दिव्याच्या तारेला त्यासाठी भयंकर आच लागते, हिऱ्याच्या पातळ थराला कमी पुरते. पण किती जण उडी मारतील, ते वरचे दाणे कसे आहेत, त्यांना हायड्रोजन किती चिकटलाय, यावर. जमलं तर उष्णतेची थेट वीज!”

“मग आमची गच्ची घ्या की. मे महिन्यात दुसरं काय पिकतं तिथं?”

“तिच्याहून जरा जास्त तापायला हवं,” ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

हिऱ्याचा असा थर दिलेल्या नखाएवढ्या दोनच चकत्या एका मित्रानं त्यांना करून दिल्या होत्या. तिसरी मिळायची नाही, आणि दिवाळीला प्रबंधाची मुदत संपणार. अशात हा भला माणूस जौहरी बाजारातल्या पैलू पाडणाऱ्या ओळखीच्या चाचांकडे एक चकती ‘जरा देखिए’ म्हणून ठेवून आला! तिसऱ्या दिवशी गेले, तर चकतीचा आरसा झालेला. चाचा खुशीत, “गुरुजी, आपकी चीज़ और इतनी खुरदुरी? हमारी तो नाक कट जाती!”

सर दोन दिवस जेवले नाहीत. वर नेलेला वरणभात तसाच खाली येई. शेवटी मीच करवादले, “एक पोळी करपली म्हणून कुणी परात फेकतं का? तापवा दोन्ही, बघा तरी काय होतं!”

तापवल्या. आच तीच, हिरा तोच. खरबरीत चकतीतून इलेक्ट्रॉन भराभर निघाले, आरशातून जेमतेम. सर जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत आले, “काकू, चकती मुद्दाम घासायची माझी छाती झाली नसती. चाचांनी माझं एक प्रकरणच लिहून दिलं हो!” प्रबंधात त्यांनी चाचांचे आभार मानले, आणि ते पान घेऊन त्यांना दाखवायलाही गेले.

पुढच्या वर्षी सर डॉक्टर झाले, आणि मोठ्या जागेवर बोलावणं आलं तसे बंगलोरला निघून गेले. त्यांचं काम व्हावं म्हणून मोती डूंगरीच्या गणपतीला एकवीस लाडवांचा नवस बोलणारी मीच. आता तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू? वरच्या खोल्यांत आता दुसरे भाडेकरू आहेत. गुणी आहेत बिचारे, पण काही विचारत नाहीत.

तेव्हा तुम्ही तरी या हो लवकर. आणि येताना घाई घरी ठेवून या.