रिकाम्या कंपनीचे भागधारक

माझ्या दादाला ट्रकखेरीज कशातच रस नव्हता, तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग मोबाईलवरच्या कुठल्याशा ग्रुपमधून त्याला शेअरचा नाद लागला. एका रविवारी तो सकाळीच आमच्या घरी आला. मी शाळेचे पेपर तपासत बसले होते. मी शिक्षिका, म्हणून धाकटी असूनही तो मला ताईच म्हणतो.

"ताई, एक कंपनी हाय. शेअर वडापावपेक्षा स्वस्त. शेल कंपनी म्हनतात."

"करते काय ती?"

"काय बी न्हाय. तीच तर गंमत! उद्या कुनी मोठा धंदेवाला तिच्यात शिरला, की आपला शेअर वर."

"आणि नाही शिरला तर?"

याचं उत्तर ग्रुपवर कुणी दिलं नव्हतं. दादाने जुना ट्रक नुकताच विकला होता आणि ती सगळी रक्कम तो या रिकाम्या कंपनीत घालणार होता. मी म्हटलं, "मुलीसाठी स्थळ आलं तर आपण घर बघून येतो ना? मग हेही बघू. आधी थोडेसेच शेअर घे, म्हणजे सभेला तरी जाता येईल."

त्याने माझ्याही नावावर थोडे घेतले. यथावकाश वार्षिक सभेचं बोलावणं आलं आणि आम्ही रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरलो. दादाने लग्नातला कोट घातला होता. त्याला वाटलं होतं, मोठं सभागृह असेल. प्रत्यक्षात ती एका जुन्या इमारतीतली खोली निघाली. तिथे तीन संचालक होते, आम्ही दोघं होतो, आणि पांढऱ्या साडीतल्या एक गुजराती आजीबाई पहिल्या खुर्चीवर बसून ढोकळा खात होत्या.

प्रश्न विचारायची वेळ आली तसा दादा उभा राहिला. "साहेब, कंपनी सध्या करते काय?"

अध्यक्ष वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? काहीच नाही."

आजीबाई खळखळून हसल्या. मग आम्हीही हसलो, अध्यक्षसुद्धा. गृहस्थ सरळ होते. कारखाना कधीच बंद पडला, कामगारांची देणी फेडली, आता शेअर बाजारात फक्त कंपनीचं नाव उरलंय, असं त्यांनी सांगितलं. एखाद्या चालू धंद्याला बाजारात लवकर यायचं असेल तर तो या नावात येऊ शकतो. "पण येईलच असं मी म्हणणार नाही. आणि आला तरी तो कसा निघेल, देव जाणे."

चहाच्या वेळी आजीबाई दादाजवळ सरकल्या. "भाई, मी अशा कंपन्यांत किती वर्षं आहे. काही बुडल्या, काही तरल्या. जेवढे पैसे गेले तरी रात्रीच्या जेवणाची चव जाणार नाही, तेवढेच ठेवायचे. आणि भाव वर गेला ना, तर अर्धे विकून टाकायचे. तेव्हा कुणाचंही ऐकायचं नाही, स्वतःचंसुद्धा!"

परतीच्या लाँचवर दादाने लग्नातला कोट काढून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "ट्रकचे पैसे बँकेतच राहू दे. हायेत तेवढेच शेअर बास."

पुढे आम्ही विसरूनही गेलो. पण एक दिवस मासळी साठवायच्या शीतगृहांचा धंदा करणारी एक मंडळी त्या कंपनीत शिरली आणि शेअर उसळला. बाजाराने दिवसाला ठरवून दिलेल्या वरच्या मर्यादेला रोज टेकायचा आणि तिथेच थांबायचा. ग्रुपवर नुसता जल्लोष. 'विकणारा वेडा,' असं जो तो लिहीत होता. दादाचा फोन आला. "ताई, काय करू?"

"आजीबाई काय म्हणाल्या होत्या?"

त्याने डोळे मिटून अर्धे विकले, मीही विकले. नंतर वाऱ्याची दिशा फिरली. शीतगृहं बरीचशी कागदावरच होती असं बाहेर आलं आणि भाव रोज खालच्या मर्यादेला जाऊन बसू लागला. उरलेले शेअर विकायला लावले तर घ्यायला कुणी नाही. ते आजही आमच्या खात्यात निपचित पडून आहेत. ग्रुपवरच्या काहींचे हात चांगलेच पोळले. त्यातला एक माणगावचा दुकानदार दादाला म्हणाला, "तू सुटलास रे!"

दादाला झालेल्या फायद्यावर मात्र वहिनींनी हक्क सांगितला. "इतकी वर्षं ट्रकवाल्याचा संसार केला, पण एकदाही चाक हातात घेतलं न्हाय. मला गाडी शिकायची." दादाने त्यांना शिकवणीला घातलं आणि बँकेतल्या ट्रकच्या पैशांतले थोडे घालून एक जुनी छोटी गाडीही घेतली. परवा वहिनी आम्हाला पालीला घेऊन गेल्या. दादा शेजारच्या सीटवर दाराची मूठ घट्ट धरून बसला होता.

"अगं, ब्रेक!"

"तुमी शेअर बघा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या टेम्पोला झोकात मागे टाकलं.