झोहाराकाकूंचं आमेन

जेरुसलेमच्या आमच्या गल्लीतली सगळी पोरं सादियागुरुजींच्या हाताखाली शिकली. त्यात मीही. "पेलेह म्हणजे काय रे?" हिब्रू शिकवताना ते विचारायचे. आम्ही ओरडायचो, "चमत्कार." "गाढवांनो, चमत्कार तर जादूगारही दाखवतो. पेलेह म्हणजे जे आपल्या हाताबाहेरचं आणि डोक्याबाहेरचं."

लघवीला जाऊन आलं की आम्ही ज्यू लोक हात धुतो आणि शरीराच्या वाटा उघड्या ठेवणाऱ्या देवाची प्रार्थना म्हणतो. तिचा शेवट पेलेह या शब्दाच्याच एका भाईबंदानं होतो. आम्ही फिदीफिदी हसायचो. गुरुजी म्हणायचे, "हसा. बंद पडेल तेव्हा कळेल."

साठीत त्यांचंच बंद पडलं. दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडायचे, लघवी नाही, म्हणून प्रार्थनाही नाही. त्यांची बायको झोहाराकाकू लग्नापासून न्हाणीघराच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या राहायच्या आणि त्यांची प्रार्थना संपली की आमेन म्हणायच्या. "तीन वर्षं झाली, तोंडाला गंज चढला माझ्या," त्या मला म्हणाल्या. हसल्या, पण ते हसू खरं नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक यमीमा आपलं मूत्रपिंड द्यायला कधीची तयार होती. गुरुजींनी तिला झिडकारलं. "लेकीला कापून मी जगू होय?"

मग एका सोमवारी यमीमाच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं. मेंदू गेला, बाकी देह यंत्रावर चालू. तिचं मूत्रपिंड तुम्हाला बसवू का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गुरुजी नकारार्थी मान हलवतच राहिले. काकू म्हणाल्या, "जिवंतपणी नाही म्हणालात. आता तरी तिला नाही म्हणू नका."

यमीमाचं मूत्रपिंड गुरुजींना लागू पडलं. ते घरी आले. मी रोज सूप घेऊन जायचो. न्हाणीघरातून नळाचा आवाज यायचा, मग काहीच नाही. प्रार्थना काही ते म्हणेनात. माझा जीव तुटायचा, आणि देवाचा रागही यायचा.

महिन्याभरानं काकू टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दाराशी आडव्या उभ्या राहिल्या.

"म्हणा."

"कशाबद्दल म्हणू? ती गेली म्हणून माझं चालू झालं, याची स्तुती करू?"

"पेलेह गोड असतो असं तुम्ही पोरांना कधी शिकवलं होतं? डोक्याबाहेरचा असतो म्हणालात. माझ्याही डोक्याबाहेरचाच आहे. पण तिचं एवढंच काय ते चालू आहे, सादिया. त्याला मला आमेन म्हणायचंय."

गुरुजींनी भिंत धरली. हळूहळू म्हणत गेले. शेवटच्या शब्दाशी अडखळले, तरी तो त्यांनी पुरा केला.

काकूंनी तोंड उघडलं. आमेन आलंच नाही. "यमीमा," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर बसल्या.

गुरुजींनी काकूंच्या हातातला टॉवेल घेतला. स्वतःचे हात ओलेच ठेवून त्यांचं तोंड पुसलं.