मागच्या चाकाचा चिखल

सायकलीत हवा भरायला दुकानात थांबलो होतो, तेवढ्यात एक जोडपं आलं. दोघांच्याही सायकली शर्यतीच्या, बारीक टायरच्या. नवरा ओल्या रस्त्यावर घसरला होता. कोपराला पट्टी होती. त्याला मागच्या चाकाला रुंद टायर हवा होता आणि मडगार्डही. दुकानदाराने चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं.

"दोन्ही नाही बसणार, साहेब. एकच काहीतरी सांगा."

"टायरच घाला," बायको चटकन म्हणाली.

"अगं, मग चिखल तुझ्या तोंडावर उडेल."

"उडू दे. धुतला की जातो. तू पडू नकोस म्हणजे झालं."

तो हसला, दुकानदारही हसला. मला काही हसू येईना. तिच्या चष्म्यावर सकाळच्या चिखलाचे थेंब वाळून बसले होते. मागच्या चाकाचं मडगार्ड मागून येणाऱ्यासाठीही असतं. आणि ते नको म्हणायचं, तेही मागून येणाऱ्यानेच!

टायर चढला. दोघं निघाली. तो पुढे, ती त्याच्या चाकाला चाक लावून. वळणावरच्या डबक्यातून तो सुसाट गेला. मागे तिने एका हाताने चष्मा पुसला आणि तिची सायकल डगमगली.

पुढे तो निर्धास्त चालला होता.